पडवीतली हवा

ढिवरटोला, एकोडीजवळ
ता. १४ फेब्रुवारी १९८८, रविवार

चि. मुरारीले गुणावहिनीचा आशीर्वाद. कलाले पण सांगजो. मी बरी आहे. बकरी व्याली, दोन पिल्लं दिली, एक लंगडं आहे पण दूध पिते. शेजारच्या रेवताबाईचा गुडघा यंदा जास्तच धरला, तरी तोंड चालते. तुमचं कारध्याचं कसं चाललं ते कोणी सांगत नाही. वैनगंगेले मासोळी चांगली लागते म्हणतात. नदीचं पाणी वाहतं असते, आपल्या तलावासारखं एका जागी नाही, तं जाळं टाकायची सवय व्हायले वेळ लागला असन.

अक्षर पाहून हसू नको. मीच लिहून राहिली. प्रौढवर्गात शिकली तेवढ्यावर. मास्तर लिहून द्यायले तयार होते, पण मास्तरले सांगणं म्हणजे दवंडी देणं आहे.

पत्र लिहायचं कारण असं की परवा फुगेवाले साहेब आले होते. तेच हैदराबादकडचे, तीन सालाआधी आपल्या तलावात ज्यायचा डब्बा पडला ते. जीपनं नागपूरले जाऊन राहिले होते, वाटेत मुद्दाम वळले. केस पिकले त्याहिचे. आल्याबरोबर म्हणाले, मुरारी कुठं आहे. मी म्हटलं, सासरवाडीले गेला, तिकडंच राहते, तिकडं त्याले बरं वाटते. त्याहिनं तुह्यासाठी फोटो आणला. तू डोंग्यात उभा आहे अन् मागं डब्ब्याले बांधलेली ती लालपांढरी छत्री पाण्यावर पसरली आहे, तो. मास्तरनं काढून त्याहिले धाडला होता. फोटो मी पेटीत ठेवला.

चहा घेतला त्याहिनं. मी विचारलं, डब्ब्यातल्या त्या बाटल्यात होतं तरी काय. तेव्हा इतकी बोंबाबोंब झाली, पण हे कोणी विचारलंच नव्हतं. तं म्हणाले, हवा. मले वाटलं थट्टा करतात. हवेसाठी एवढा मोठा फुगा सोडते का कोणी. म्हणाले, ही इथली हवा नाही, ढगाच्या किती तरी वरची आहे. तिथं पाऊस नाही, आपला वारा नाही. खालची हवा आपल्यासारख्या गरम मुलखातून हळूहळू वर चढते अन् मंग वरच फिरत राहते, सालोसाल. आम्हाले त्या हवेचं वय काढायचं होतं, म्हणे.

मी म्हटलं, हवेले वय असते का. तं त्याहिनं मले वरणावर समजावलं. समज गुणाबाई, तू दरसाल वरणात एक चिमूट मीठ वाढवत गेली, अन् कोणत्या साली किती घातलं ते भिंतीवर लिहून ठेवलं. मंग कोणी तुले डोळे बांधून एक घास दिला, तं चव घेऊन तू सांगशील ना, हे कोणत्या सालचं वरण आहे. तसंच. फ्रिजात भरतात त्या जातीचे गॅस माणसानं कारखान्यात बनवले, आधी दुनियेत नव्हतेच. दरसाल हवेत थोडे थोडे वाढतात. खाली कोणत्या साली किती होते ते आम्ही लिहून ठेवलं आहे. त्यातले काही वरच्या उन्हानं तुटतात, ते कामाचे नाही. जो तुटत नाही तो धरायचा. वरच्या बाटलीत तो किती आहे ते मोजलं अन् खालच्या सालांशी जुळवलं, की कळते ही हवा खालून कधी निघाली.

चांगला माणूस आहे. मले अडाणी समजून बोलला नाही.

त्या तीन बाटल्या उघडल्या गेल्या होत्या त्याचं त्याहिनं काही काढलं नाही. मीही काढलं नाही. तसंही तेव्हा मले कुठं वाचता येत होतं. जे झालं ते झालं. होळीले ये. तुहा भाऊ असता तं त्यानं बोलावलंच असतं. कलाले घेऊन ये, दोन दिवस राहा, फोटो घेऊन जा.

तुही वहिनी
गुणाबाई


ढिवरटोला
ता. २८ फेब्रुवारी १९८८, रविवार

चि. मुरारी,

तुहं कार्ड पोचलं. दोनच ओळी. "आम्ही मजेत आहो. वहिनी, जुनं काढू नको." तू लिहिलं तसं केलं असतं तं मलेच सोयीचं होतं. पण कार्ड वाचलं अन् मले जेवण गेलं नाही. म्हणून हे पाकिटात घालून राहिली, गोंद लावून. कलाले वाचून दाखव, नको दाखवू, तुही मर्जी.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. तेव्हा मले वाचता येत होतं.

वर्ग त्याच्या आधीच्या पावसाळ्यातच सुरू झाला होता. मी कोणाले दाखवत नव्हती. बाई वाचायले लागली म्हणजे लोकं आपापली कागदं घेऊन दारात येऊन बसतात. अन् अडाणी राहिलं की बरंच काही माफ होते. हे मले चांगलं ठाऊक होतं.

आता सारं पहिल्यापासून सांगते. तू म्हणशील, मले माहीत आहे. पण तू साकोलीले गेला होता तेव्हाचं तुले पाहून माहीत नाही.

डब्बा पडला तेव्हा सारा टोला तलावाच्या बांधावर, पारीवर उभा होता अन् कोणी पाण्यात उतरत नव्हतं. इश्वरभाऊ म्हणे, बॉम्ब आहे. मासोळी सोसायटीचा अध्यक्ष, पण रेवताबाईच्या मागं उभा होता. तू एकटाच डोंगा घेऊन गेला. छत्री गुंडाळली, तो डब्बा, जाळीचा पिंजराच तो, दोरीनं ओढत आणला. आत चकचकीत बाटल्या, पंधरा. वर कागद चिकटवला होता, चार भाषांत. तू मोठ्यानं वाचला. हे शास्त्राचं सामान आहे, उघडू नका, कळवा. तुह्या घराचं छप्पर गळकं म्हणून तू तो माह्या पडवीत ठेवला. साकोलीले कळवायले एस.टी. धरायच्या आधी तू मले तीनदा सांगितलं, वहिनी, कोणाले हात लावू देजो नको. अन् जाता जाता चौथ्यांदा म्हणाला, तू पण लावजो नको.

ते चौथ्यांदाचं मले लागलं. तू सात वर्षांचा होता तेव्हा मी या घरात आली. तुहं शेंबडं नाक मी पुसलं. तोच तू माह्याच पडवीत उभा राहून मले सांगते, हात लावू नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत ऊन आलं. बाटल्या तापल्या अन् टिक टिक वाजायले लागल्या. तुले माहीत आहे, तुह्या भावाच्या हातात गॅसबत्ती कशी फुटली ते. कोणाचं तरी लग्न आटोपलं, वऱ्हाड निघून गेलं, अन् कोणी तरी हवा न काढताच बत्ती गाडीत ठेवली. धनीरामनं ती उचलली अन् ती भडकली. लाखांदूरच्या दवाखान्यात पाच दिवस होता. तेव्हापासून माह्या घरात नेम आहे. हवा भरलेली वस्तू घरात ठेवायची नाही. बत्ती कोणाचीही असो, आधी चावी सैल करायची, हवा काढायची, मंगच खिळ्याले टांगायची. तू पण तसंच करत होता.

तं मी बत्तीचा पान्हा काढला. बाटलीच्या चावीले बारीक तार गुंडाळली होती अन् एक शिक्का होता. कागद समोर होता. बोट ठेवून वाचला. उ घ डू न का. समजलं मले. तार तोडली.

भीतीनं केलं असं मी आजवर मनाले सांगत आली. पहिली बाटली भीतीनं उघडली हे खरं आहे. पण फुस्स करून हवा गेली, मनगटाले गार लागलं, बाकी काही नाही. ना वास, ना धूर. भीती तिथंच संपली. मंग दुसरी काहून उघडली. तिसरी काहून उघडली. रागानं. म्हटलं, पाहू दे, हात लावला तं काय होते. तिसरीच्या वेळी रेवताबाईनं ताक मागायले हाक मारली म्हणून थांबली, नाही तं पंधराही काढल्या असत्या. चाव्या आवळून बंद केल्या, तार पुन्हा गुंडाळली अन् ताक दिलं.

मंग साहेब येऊन डब्बा घेऊन गेले, तुहं नाव लिहून घेतलं, पाठ थोपटली. मले वाटलं, निभलं.

पण पाऊस संपता संपता त्याहिचं पत्र आलं. सोसायटीच्या नावानं. की तीन बाटल्या खाली उतरल्यावर कोणी तरी उघडल्या, कोणी ते कृपा करून कळवा. सारे म्हणे, त्याहिले तिकडं बसून कसं कळलं. मलेही हेच कोडं होतं. तीन सालं होतं. साहेबानं काढलं नाही, मी काढलं नाही, असं मागं लिहिलं तेही खोटं; त्या दिवशी त्याहिनं सहज सांगून टाकलं. बाकी बाराचं वय निघालं, तीन साल, चार साल, जशी वर जाल तशी जुनी. अन् त्या तीनचं वय निघालं शून्य. खालच्या त्याच सालची हवा, त्याच महिन्याची. वर गळली असती तं अशी भरली नसती. खाली उघडली, वरची निघून गेली अन् खालची आत शिरली.

म्हणजे माह्या पडवीतली हवा शिरली, मुरारी. चुलीच्या धुराची, बकरीच्या वासाची. तीच त्याहिनं हैदराबादले नेऊन मोजली. मी कोणाले बोलली नाही, पण हवेनं सांगितलं.

मी तिथंच साहेबाले सांगितलं, मी उघडल्या. कप खाली ठेवला त्याहिनं. मले वाटलं म्हणतील, जाऊ दे बाई. तसं म्हणाले नाही. वही काढून विचारलं, किती वेळ उघड्या होत्या. मी म्हटलं, आवाज थांबला तरी उघड्याच होत्या, ताकाची हाक येईपर्यंत. लिहून घेतलं. मंग म्हणाले, त्या तीन सगळ्यात उंचावर भरलेल्या होत्या. पाच सालाच्या वर निघाली असती ती हवा, असा अंदाज होता. तेवढ्यासाठीच तेवढा मोठा फुगा केला होता. दुसरा सोडायले दोन सालं गेली. रागावले नाही. रागावले असते तं बरं होतं.

मी बोटं मोजली. डब्बा पडला त्याच्या पाच साल मागं म्हणजे धनीराम होता. त्या हवेत त्याचा श्वास असन का, असं विचारलं. म्हणाले, गुणाबाई, ती साऱ्या दुनियेची हवा आहे. मी म्हटलं, दुनियेत आमचा टोला येते का नाही. तं हसले नाही. म्हणाले, येते.

त्याच्याच मरणाच्या भीतीनं चावी सोडली अन् त्याच्या वेळची हवा काढून दिली. हे मी रडायले लिहून नाही राहिली. झालं ते असं आहे एवढंच.

आता जे लिहायचं ते हातून निघत नाही. चार दिवस हे पत्र अर्धंच पडलं होतं.

तुले पाण्यात उभं केलं तेव्हा मी पारीवर होती, बायांत. कमरेइतक्या पाण्यात. आपली रीतच आहे, तलावाच्या पाण्यात उभं राहून कोणी खोटं बोलत नाही, बोलला तं त्याचं जाळं त्या तलावात पडत नाही. इश्वरभाऊनं विचारलं, बाटल्या तू उघडल्या का. तू हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. म्हणाला, "डब्बा माह्या ताब्यात होता. जे काय असन ते माह्यावर." दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. तेच. लोकं म्हणे, पाण्यात उभा आहे म्हणून नाही म्हणायची हिंमत होत नाही. तुहा डोंगा काढून घेतला. दिवाळीच्या आधी तू कलाले घेऊन कारध्याले गेला. दारात येऊन मले म्हणाला, वहिनी, येतो. मी म्हटलं, सांभाळून जा. जसं काही तू दोन घरं सोडून जाऊन राहिला, अशा सुरात म्हटलं.

लोकाइले वाटलं तू स्वतःले वाचवून राहिला. मले तेव्हाच माहीत होतं तू कोणाले वाचवून राहिला.

कारण पान्हा मी डब्ब्यावरच विसरली होती. तू साकोलीहून आला, हातपाय धुतले, डब्ब्याजवळ गेला. पान्हा पाहिला. तारेले हात लावून पाहिला. मी चुलीपुढं होती, फुंकणी तोंडात. तू तो पान्हा उचलला, धोतराले पुसला, अन् आपल्या खिळ्याले टांगून दिला. मंग म्हणाला, वहिनी, भूक लागली.

मी तुले जेवू घातलं. तू जेवला. दोघं बोललो नाही. तेव्हापासून बोललोच नाही, पाहिलं तं.

तीन सालं मी त्या खिळ्याकडं पाठ करून स्वयंपाक करते.

तू म्हणते जुनं काढू नको. तू आणखी एकदा माह्यावर पांघरूण घालून राहिला. आता पुरे कर.

गुणाबाई


ढिवरटोला
ता. ९ मार्च १९८८, बुधवार

मुरारी,

हे थोडक्यात लिहिते, हात दुखते.

रविवारी सोसायटीची बैठक होती, यंदा तलावात जाळं कधी ओढायचं ते ठरवायले. सारे पारीवर बसले होते. मी उठली अन् पाण्यात उतरली. इश्वरभाऊ म्हणे, गुणाबाई, काय झालं, पाय घसरला का. कमरेइतकं पाणी लागायले मले बरंच आत जावं लागलं, यंदा पाणी उतरलं आहे. पान्हा हातात होता. तिथून मी मोठ्यानं सांगितलं. तीनही बाटल्या मी उघडल्या. कागद वाचून उघडल्या. मले वाचता येते. मुरारीनं पान्हा पाहिला होता अन् तरी माहं नाव घेतलं नाही.

मले वाटलं होतं शिव्या देतील. पण आवाज आला तो रेवताबाईचा, "एवढ्या सालाची हवा आता काढली का वो?" दोघं तिघं हसले. मी हसली नाही, पण तिच्यावर रागही आला नाही. रागाचं माहं खातं त्या दिवशीच संपलं.

ठरलं असं. धनीरामच्या नावाचा तलावातला हिस्सा यंदा मले नाही. जाळं नाही, पारीवरची मासोळी विकणं पण नाही. मी हो म्हटलं. त्याहिनं मागितलं असतं तं मी जास्तही दिलं असतं. तुहा डोंगा इश्वरभाऊच्या गोठ्यामागं पडला होता, फळ्या सुकल्या होत्या. इश्वरभाऊ स्वतःच चार जणांबरोबर तो काढून पाण्यात बुडवून ठेवून आला, लाकूड फुगावं म्हणून. मले म्हणाला, मुरारीले लिहा. मी म्हटलं, तुम्ही लिहा. तुम्ही विचारलं होतं त्याले, तीनदा. त्यानं लिहिलं तं लिहिलं.

साहेबाले पण एक पत्र टाकलं. तारीख, वेळ, कोणती चावी किती फिरवली, सारं. त्याहिले असं बारीक लागते. अन् हेही लिहिलं की मुरारीचा त्यात हात नव्हता, तुमच्या कागदात कुठं त्याचं नाव वाईट लागलं असन तं खोडा.

ये असं मी लिहीत नाही. तलाव तुहा आहे, आला तं तुह्या तलावासाठी येजो, माह्यासाठी नको. नदीच आवडली असन तं तिथंच राहा. फोटो या पाकिटात घातला आहे. मागं उजव्या हाताले पारीवर बाया उभ्या आहेत, त्यात डोक्यावर पदर घेतलेली मी आहे. फोटो डब्बा पडला त्या दिवशीचा आहे. तेव्हा मी अजून काही केलं नव्हतं. म्हणून पाहून घेजो.

आशीर्वाद लिहायले बसली तं हात उचलला नाही. देणारी मी राहिली नाही. तुह्या पाया पडावं असं वाटते, पण वहिनी देवराच्या पाया पडत नाही, तशी रीत नाही. म्हणून इथंच थांबते.

गुणा